फुलझाडांची नावे आणि त्यांचा इतिहास : नागपूरच्या बागांच्या आधारे एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या मराठी ग्रंथात एखाद्या फुलाचे नाव आले, की संपादक तळटीपेत त्याचा आजचा अर्थ देतो आणि पुढे जातो. ‘चाफा’ म्हटले की चाफा, ‘तगर’ म्हटले की तगर. ह्या सोयीच्या पद्धतीत एक गृहीत दडलेले असते. ते असे की, शब्द टिकला म्हणजे वस्तूही तीच टिकली. शोभेच्या फुलझाडांच्या बाबतीत हे गृहीत पदोपदी ढासळते. आज मराठी माणसाच्या अंगणात उभ्या असलेल्या झुडपांपैकी कित्येक झुडपे गेल्या चार-पाच शतकांत समुद्रापलीकडून आलेली आहेत. आणि तरीही त्यांतील काहींची नावे ज्ञानेश्वरांच्या काळापेक्षाही जुनी आहेत. उलट काही झुडपे अस्सल ह्याच भूमीतली असूनही रोपवाटिकेत परकीय नावाने विकली जातात.

शब्दाचा इतिहास आणि वनस्पतीचा इतिहास हे दोन स्वतंत्र इतिहास होत. त्यांची गाठ कोठे पडते व कोठे सुटते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी नागपूर हे स्थळ विशेष सोयीचे आहे. गोंड राजा बख्त बुलंद ह्याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसविलेले हे नगर पुढे भोसल्यांची राजधानी झाले. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यानंतर ते इंग्रजी अंमलात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी बनले. आणि १९५६ पर्यंत मराठी व हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताचे केंद्र राहिले. गोंडी, मराठी, हिंदी-उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी ह्यांचा एवढा दीर्घ सहवास महाराष्ट्रातील फार थोड्या नगरांच्या वाट्याला आला असेल. फुलांची नावे ह्या सहवासाची साक्ष देतात.

२. वारशाने आलेली नावे

प्रथम ज्या नावांची परंपरा संस्कृतापासून प्राकृताच्या मार्गाने अखंड आली आहे, ती पाहावीत. ‘जाती’चे ‘जाई’ झाले, ‘यूथिका’चे ‘जुई’ झाले, ‘मुद्गर’चा ‘मोगरा’ झाला. स्वरमध्यस्थ व्यंजनाचा लोप, आद्य ‘य’चा ‘ज’, जोडाक्षरातील पहिल्या व्यंजनाचा लोप, हे सारे बदल प्राकृत व्याकरणाच्या विद्यार्थ्याला परिचित आहेत. ही नावे पुस्तकातून उचललेली नाहीत, लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, ह्याचा हाच पुरावा. ‘प्राजक्त’ ह्या नावाची गोष्ट किंचित निराळी आहे. ‘पारिजातक’ हा तत्सम शब्द लोकभाषेने अक्षरांची उलथापालथ करून आपलासा केला, आणि आज दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात.

‘कण्हेर’ हा शब्द ह्या गटात सर्वांत उद्बोधक आहे. मूळ संस्कृत ‘करवीर’. त्यातील पहिल्या ‘र’चा ‘ण’ होऊन प्राकृतात ‘कणवीर’ हे रूप झाले. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ह्या बदलाची स्वतंत्र नोंद घेतली आहे. ‘कणवीर’चा संकोच होऊन हिंदीत ‘कनेर’ आणि मराठीत ‘कण्हेर’ झाले. नागपूरकडील बोलीत मात्र ‘कन्हेर’ किंवा ‘कनेर’ असे ऐकू येते, आणि पुण्याकडील अभ्यासक ते सहजच हिंदीचे अनुकरण मानतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ होण्याची प्रवृत्ती सर्वसाधारण आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात तिची नोंद आहे. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चा ‘डोया’ ज्या बोलीत होतो, त्या बोलीत ‘पिवळी कण्हेर’ ही ‘पिवयी कन्हेर’ व्हावी, हे तिच्या स्वतःच्या ध्वनिनियमाला धरूनच आहे. त्यासाठी हिंदीच्या दाराशी जाण्याचे कारण नाही. दोन भाषांतील रूपे सारखी दिसली, की एकीने दुसरीकडून घेतली असे म्हणण्यापूर्वी, ती आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी आली असतील काय, हे तपासावे लागते.

मात्र वारशाने आलेला शब्दही वस्तूशी एकनिष्ठ राहतोच असे नाही. ‘तगर’ हे ह्याचे उत्तम उदाहरण. संस्कृत वाङ्मयात अगरु, चंदन इत्यादींच्या पंक्तीत येणारे ‘तगर’ हे सुगंधी द्रव्य होय. हिमालयाकडील व्हॅलेरियाना जातीच्या वनस्पतीच्या मुळ्यांपासून ते मिळते, आणि वनौषधींच्या व्यापारात आजही ते त्याच नावाने ओळखले जाते. मराठी अंगणातील तगर मात्र पांढऱ्या फुलांचे, तोडल्यास दूध गाळणारे झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव टॅबर्नेमोंटाना डिव्हॅरिकाटा. दोहोंत वनस्पतिशास्त्रदृष्ट्या काहीही नाते नाही. ह्या झुडपाला संस्कृत परंपरेत ‘नंद्यावर्त’ हे नाव आहे. तेच तेलुगूत ‘नंदिवर्धनम्’ ह्या रूपाने आणि कन्नडात ‘नंदिबट्टलु’ ह्या रूपाने जिवंत आहे. हिंदीत त्याला ‘चाँदनी’ म्हणतात. नागपूरच्या एकाच मोहल्ल्यात एकच झुडूप मराठी घरात तगर, हिंदी घरात चाँदनी आणि तेलुगू घरात नंदिवर्धनम् असावे, ह्यात नवल नाही. पण प्राचीन ग्रंथातील ‘तगर’ हा शब्द पाहून ज्या भाष्यकाराच्या डोळ्यांपुढे हे पांढरे फूल उभे राहते, तो मुळीच्या जागी फूल ठेवतो आणि व्यापाराच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद बागेच्या वर्णनात जमा करतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर ह्या प्राचीन बाजारपेठेचे नाव ‘तगर’ होते, हे लक्षात घेतल्यास ह्या शब्दाच्या बाबतीत किती सावध राहिले पाहिजे, हे अधिक सांगावयास नको.

३. जुनी नावे, नवी झाडे

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोप व अमेरिका ह्यांच्यात जलमार्ग सुरू झाला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. त्यानंतर अमेरिकेतील अनेक वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर आल्या. मिरची, पेरू, काजू ह्यांचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्या पाठोपाठ आलेल्या शोभेच्या झाडांकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. आणि ह्याचे एक कारण त्यांना मिळालेली नावेच होत. ही नावे इतकी घरगुती आहेत, की झाड परके असल्याचा संशयही येऊ नये.

देवळांच्या आवारात दिसणारा पांढरा चाफा, ज्याला खैरचाफा किंवा देवचाफा असेही म्हणतात, हा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेचा आहे. त्याच्या प्लुमेरिया ह्या प्रजातीचे नाव चार्ल्स प्लुमिए ह्या सतराव्या शतकातील फ्रेंच संन्यासी-वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. संस्कृतातील ‘चंपक’ म्हणजे सोनचाफा. लिनियसने १७५३ साली त्याला ‘मिशेलिया चंपका’ म्हटले, आणि अशा रीतीने आपला शब्द लॅटिन नामावळीत गेला. आता ती जाती मॅग्नोलिया प्रजातीत धरली जाते. तेव्हा यादवकालीन मराठीत ‘चांपा’ किंवा ‘चाफा’ हा शब्द आला, तर तो देवळाच्या ओट्यावरील वाकड्या फांद्यांचा पांढरा चाफा असूच शकत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० मधली, कोलंबसाच्या प्रवासाला अजून दोन शतके अवकाश होता.

पण लोकांनी ह्या नव्या झाडाला चाफा का म्हटले असावे? ह्या प्रश्नाचे उत्तर ‘चाफा’ नावाच्या सर्व वनस्पती एकत्र मांडल्या म्हणजे मिळते. सोनचाफा व कवठी चाफा हे मॅग्नोलिया कुलातले, पांढरा चाफा कण्हेरीच्या कुलातला, हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातला, नागचाफा उंडीच्या कुलातला, आणि भुईचाफा तर हळद-आल्याच्या कुलातला. वृक्ष, झुडूप, वेलवजा झुडूप आणि जमिनीतील कंद ह्यांना एका नावाखाली आणणारा समान धर्म एकच, तो म्हणजे उग्र गोड सुवास. ‘चाफा’ हे अशा प्रकारे एका जातीचे नाव उरले नसून गंधाच्या एका वर्गाचे नाव झाले आहे. लोकांचे हे वर्गीकरण अडाणीपणाचे नाही. ते फूल कशासाठी हवे आहे, ह्यावर उभारलेले आहे.

ह्याच्या उलट ‘पिवळी कण्हेर’. हे झुडूपही अमेरिकेतले. त्याला दीर्घकाळ थेवेटिया म्हणत. सोळाव्या शतकात ब्राझीलला जाऊन आलेल्या आंद्रे थेवे ह्या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून हे नाव पडले. येथे लोकांनी गंध पाहिला नाही. अरुंद लांब पाने, पांढरा चीक आणि विषारीपणा ही तीन लक्षणे पाहून त्यांनी त्याला कण्हेरीच्या घरात घातले. वनस्पतिशास्त्राचा निर्णयही हाच आहे. दोन्ही झुडपे एकाच कुलातली असून दोहोंत हृदयक्रियेवर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात. नावात जपलेली ही ओळख म्हणजे एक प्रकारची धोक्याची सूचना आहे. त्याच झुडपाला असलेले ‘बिट्टी’ हे दुसरे नाव कण्हेरीशी काही नाते सांगत नाही. म्हणून ज्या घरात फक्त हे दुसरे नाव उरते, तेथे ती सूचनाही हरपते. पांढरा चाफासुद्धा चीक असलेला आणि कण्हेरीच्याच कुलातला. परंतु तेथे गंध वरचढ ठरला. लोकनामकरणात एकच कसोटी सर्वत्र लावलेली नसते, हे ह्या जोडीवरून स्पष्ट होते.

पिवळ्या कण्हेरीच्या संदर्भात एक अडचण नोंदविणे आवश्यक आहे. राजनिघंटूत करवीराच्या पांढऱ्या व तांबड्या प्रकारांबरोबर पीत प्रकारही येतो. त्यावरून हे झुडूप भारतात पुरातन होते असे काहीजण सुचवितात. ह्या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि ‘पीतकरवीर’ हे पद ज्या वस्तूला लावले होते ती वस्तू आजचीच होती, असे केवळ पदावरून सिद्ध होत नाही. नावाने वनस्पती शोधावयाची आणि त्या वनस्पतीने पुन्हा नावाचा काळ ठरवावयाचा, हा चक्रक दोष होय. वनस्पतीचे मूलस्थान वनस्पतिशास्त्राने ठरवावे, पदाचा काळ पाठचिकित्सेने ठरवावा, आणि मगच दोहोंची सांगड घालावी.

४. गुलबक्षी : तीन खंडांचे एक नाव

फारसीच्या द्वारे आलेल्या नावांचा गट स्वतंत्र आहे. ‘गुल’ म्हणजे फूल. गुलाब, गुलतुरा, गुलमोहर, गुलबक्षी ही नावे भोसल्यांच्या आणि त्यापूर्वीच्या दरबारी भाषेच्या संस्कारातून मराठीत रुळली. ‘गुलतुरा’ हे नाव शंकासुराच्या झुडपाला अगदी शोभते. पाकळ्यांबाहेर लांब झेपावणारे तांबडे केसर पाहून ज्याला पागोट्यावरचा तुरा आठवला, त्याची दृष्टी दरबारी असली पाहिजे. त्याच झुडपाचे ‘शंकासूर’ हे नाव पुराणातील शंखासुराची आणि कोकणातील दशावतारी खेळातील संकासुराची आठवण करून देते. झाड एकच, पण एका नावामागे दरबार आहे व दुसऱ्यामागे देवळापुढचे अंगण आहे.

गुलबक्षी हे काटेकोरपणे झुडूप नव्हे, कंदावर वाढणारी बहुवार्षिक वनस्पती होय. पण बागेत तिचे स्थान झुडपांतच असते. लिनियसने तिला दिलेल्या ‘मिराबिलिस जलापा’ ह्या नावातील ‘जलापा’ हे मेक्सिकोतील हलापा ह्या नगराच्या नावावरून आले आहे. फारसीत तिचे नाव ‘गुले अब्बासी’. हा अब्बास म्हणजे इराणचा शाह अब्बास (१५८८–१६२९), अशी लोकसमजूत आहे. हिंदीत ‘गुल-अब्बास’, मराठीत ‘गुलबास’ व ‘गुलबक्षी’. मूळ शब्दात ‘क्ष’ नाही. तो मराठीत आला, ह्याचे कारण ‘बक्षी’ हा लष्करी हिशेबाच्या अधिकाऱ्याचा हुद्दा मराठी कानाला परिचित होता, असे अनुमान करता येते. अब्बासाची ओळख पुसली गेली आणि तिच्या जागी ओळखीचा बक्षी येऊन बसला. अर्थ न कळणाऱ्या शब्दाला अर्थ असलेल्या शब्दाच्या साच्यात बसविण्याची ही प्रक्रिया सर्वच भाषांत आढळते.

कालनिर्णयाच्या दृष्टीने हे नाव मोलाचे आहे. वनस्पती अमेरिकेतली आणि नाव फारसीतून आलेले. ह्या दोन्ही अटी सोळाव्या शतकापूर्वी एकत्र पूर्ण होणे शक्य नाही. महानुभावांच्या ऋद्धिपूरकडील परंपरेतला किंवा अन्य कोणताही यादवकालीन म्हणविणारा ग्रंथ एखाद्या हस्तलिखितात गुलबक्षीचे नाव घेऊन आला, तर तो भाग निदान तेवढ्यापुरता उत्तरकालीन लेखणीचा मानावा लागेल. चाफ्याच्या बाबतीत शब्द जुना, म्हणून त्याच्यावर काळ ठरत नाही. गुलबक्षीच्या बाबतीत शब्द आणि वस्तू दोन्ही नवीन, म्हणून काळाची वरची मर्यादा निश्चित होते. फुलांच्या नावांचा पाठचिकित्सेला उपयोग कोठे आहे आणि कोठे नाही, हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

५. बंगल्यांच्या बागा

भोसल्यांच्या काळातील महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा ही नावे नागपूरच्या नकाशावर आजही आहेत. इंग्रजी अंमलात महाराजबाग सरकारकडे गेली; तिच्या परिसरात शेतकी खात्याचे काम वाढले आणि १९०६ मध्ये शेतकी महाविद्यालय स्थापन झाले. १८६७ साली मुंबईहून रेल्वे आली. सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उठले आणि त्यांच्याभोवती शोभेच्या झुडपांची कुंपणे उभी राहिली. पूजेसाठी फूल आणि केसांत माळण्यासाठी फूल, ह्या जुन्या दोन हेतूंत तिसऱ्याची भर पडली. ती म्हणजे केवळ पाहण्यासाठी फूल. टेकडीच्या गणपतीला वाहण्याची जास्वंद आणि बंगल्याच्या फाटकावरील बोगनवेल ह्यांत हा फरक आहे. नामकरणावर त्याचा परिणाम झाला. पूजेच्या फुलाचे नाव घरातील स्त्रिया ठेवतात. कुंपणाच्या फुलाचे नाव माळी साहेबाच्या तोंडून उचलतो.

बोगनवेलीचे नाव लुई आंत्वान द बूगँव्हील ह्या फ्रेंच दर्यावर्द्याचे आहे. त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत १७६७ साली रिओ द जानेइरोजवळ कॉमेर्साँ ह्या वनस्पतिज्ञाला ही वनस्पती दिसली. फ्रेंच नावाच्या शेवटी असलेल्या ‘व्हील’चा अर्थ नगर, मराठीत त्याचा ‘वेल’ झाला, आणि झाड आधारावर चढणारे असल्याने तो चपखल बसला. ‘बोगन’ ह्या पूर्वपदाला काही अर्थ नाही, पण उत्तरपद इतके अस्सल आहे की त्याला कोणी परके म्हणत नाही. गुलबक्षीत जी क्रिया फारसी शब्दावर झाली, तीच येथे फ्रेंच शब्दावर झाली.

सर्वच पाहुण्यांच्या वाट्याला असे स्वागत आले नाही. अमेरिकेतील लँटाना हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोभेसाठी म्हणून भारतात लावले गेले. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले धरणारे हे झुडूप बागेत निःसंशय सुंदर दिसते. पक्ष्यांनी त्याची फळे खाऊन बिया पसरविल्या आणि ते कुंपणातून निसटून माळरानांत व जंगलांत शिरले. विदर्भातील जंगलांतही त्याची दाट जाळी मूळच्या झाडोऱ्याला आणि गवताला दाबून टाकते. मराठीने त्याला ‘घाणेरी’ म्हटले. ‘टणटणी’ असेही म्हटले. हिंदीत ‘रायमुनिया’ असे लाडिक नाव आहे. ‘घाणेरी’ ह्या नावात फुलाच्या शोभेचा उल्लेखही नाही, चुरगळलेल्या पानाचा वास तेवढा आहे. ज्याने ते झुडूप हौसेने लावले, त्याने फूल पाहिले. ज्याला ते तोडावे लागले, त्याच्या हाताला वास लागला. मराठी नाव दुसऱ्याने ठेवलेले आहे.

काहींना तर नावच मिळाले नाही. ड्युरांटा हे निळ्या फुलांचे व पिवळ्या फळांचे कुंपणाचे झुडूप नागपूरच्या रस्त्यांवर सर्वत्र आहे. लोक त्याला ड्युरांटाच म्हणतात. रंगीत पानांच्या ‘क्रोटन’ची गोष्ट ह्याहून विचित्र आहे. त्याला वनस्पतिशास्त्र कोडियम म्हणते. क्रोटन ही प्रजाती निराळीच आहे. म्हणजे जे नाव शास्त्रीय समजून स्वीकारले गेले, ते शास्त्राच्या दृष्टीनेच चुकीचे आहे. इंग्रजी नाव अचूक आणि देशी नाव ढोबळ, हा समज किती तकलादू आहे, हे ह्यावरून दिसते.

शास्त्रीय नावेही बदलतात, हेही येथेच नमूद करावयास हवे. मादागास्करहून आलेल्या सदाफुलीला लिनियसने ‘विंका’ म्हटले. पुढे ती ‘लोखनेरा’ झाली आणि आता ‘कॅथरँथस’ आहे. १९५८ साली नोबल व बीअर ह्यांनी कॅनडात तिच्यापासून कर्करोगावर उपयोगी पडणारे द्रव्य वेगळे केल्यापासून तिची जगभर चर्चा झाली. ह्या सर्व काळात मराठीतील ‘सदाफुली’ हे नाव जागचे हलले नाही. कारण ते तिच्या वर्षभर फुलण्यावर बेतलेले आहे, आणि ते फुलणे बदललेले नाही.

६. ईश्वराचे फूल

आता उलट दिशेचा प्रवास पाहावा. कोची येथील डच अधिकारी व्हान रेडे ह्याने सिद्ध केलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यासाठी साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे, आणि चित्रांवर वनस्पतींची नावे लॅटिन, मल्याळी व अरबी लिप्यांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. छापील ग्रंथातील नागरीचा हा फार जुना नमुना होय, आणि तो वनस्पतींच्या नावांचा आहे, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विसरू नये. लिनियसने भारतीय वनस्पतींची नामे ठरविताना ह्या ग्रंथाचा सतत आधार घेतला.

ह्या ग्रंथात ‘चेत्ति’ ह्या मल्याळी नावाने येणारे तांबड्या गुच्छांचे झुडूप दक्षिणेत देवाला वाहतात. लिनियसने त्याच्या प्रजातीला जे नाव दिले, ते ‘ईश्वर’ ह्या शब्दापासून घेतलेले आहे. पोर्तुगीज लेखनात एक्स ह्या अक्षराने ‘श’ हा ध्वनी दाखवितात. गोव्यातील स्थळनामांच्या जुन्या पोर्तुगीज लेखनात हा प्रकार पदोपदी आढळतो. त्या पद्धतीने लिहिलेल्या ‘ईश्वर’चे ‘इशोरा’ झाले. पण लॅटिन व इंग्रजी वाचणाऱ्याने त्याच अक्षराचा उच्चार ‘क्स’ केला, आणि ‘इक्सोरा’ हे नाव तयार झाले. आज नागपूरच्या रोपवाटिकांत हेच झुडूप ‘एक्झोरा’ म्हणून मिळते. ‘बकोरा’, ‘पेंडगूळ’ ही त्याची मराठी नावे आता फार थोड्यांना ठाऊक आहेत. अशा रीतीने ईश्वराचे नाव घेऊन गेलेले फूल परत येताना आपली भाषा विसरून आले, आणि ते देणाऱ्यालाही ओळखता आले नाही.

७. कोशातील नाव आणि तोंडातील नाव

नावे घडविण्याचा प्रयत्न हेतुपूर्वकही झाला, आणि त्याचे एक मोठे केंद्र नागपूरच होते. डॉ. रघुवीर ह्यांची भारतीय संस्कृतीचा अभ्यास करणारी संस्था १९४६ मध्ये लाहोरहून नागपूरला आली आणि सुमारे दहा वर्षे येथे होती. ह्या काळात संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय ह्यांच्या आधारे शास्त्रीय व शासकीय परिभाषेची प्रचंड रचना झाली. १९४९ साली पक्ष्यांच्या भारतीय शास्त्रीय नामावलीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५५ साली बृहत् इंग्रजी-हिंदी कोश निघाला. इंग्रजीची जागा भारतीय भाषांना घेता यावी, आणि ती सर्व प्रांतांना समान आधारावर घेता यावी, हा ह्या उद्योगामागील हेतू थोर होता, आणि त्यामागील विद्वत्तेविषयी दुमत होऊ शकत नाही.

तथापि बागेच्या बाबतीत ह्या मार्गाची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. परिभाषेचे नाव निःसंदिग्ध असावे लागते. एका वस्तूला एकच नाव आणि एका नावाची एकच वस्तू, हा तिचा नियम. लोकनामाचा नियम असा नाही. ‘चाफा’ हे नाव सहा वनस्पतींना लावण्यात गोंधळ नाही, गंधाविषयीचे एक विधान आहे. ‘पिवळी कण्हेर’ हे विषाविषयीचे विधान आहे. ‘घाणेरी’ हे कष्टाविषयीचे विधान आहे. ही विधाने काढून टाकून त्यांच्या जागी निर्दोष पण मुके नाव ठेवले, तर वर्गीकरण सुधारेल, परंतु अनुभव नष्ट होईल. परिभाषा ही लोकनामांच्या शेजारी उभी राहावी. तिने त्यांची जागा घेऊ नये. ज्या काळात विद्वान आणि शासन नव्या नावांच्या चिंतेत होते, त्याच काळात लोक आपल्या बळावर ‘बोगनवेल’, ‘सदाफुली’ ही नावे घरोघर चालवीत होते, हे विसरता येत नाही.

ह्या दिशेने काही पूर्वकार्य झालेले आहे. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अनेक वनस्पतिनामांपुढे लॅटिन नावे देऊन शब्द व वस्तू ह्यांची गाठ घातली. ग्रॅहमची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये निघाली. मध्य प्रांत व वऱ्हाड येथील जंगलांतील वनस्पतींच्या हेन्स व विट ह्यांनी केलेल्या याद्या १९१६ साली प्रसिद्ध झाल्या. पण ह्या याद्या वनाच्या आहेत, बागेच्या नाहीत. आणि मोल्सवर्थचा मुख्य आधार पश्चिम महाराष्ट्राची भाषा हा आहे. विदर्भातील अंगणाची भाषा ह्या दोहोंच्या मधल्या जागेत राहून गेली.

८. निष्कर्ष

ह्या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जुन्या ग्रंथांच्या संपादकाने फुलाच्या नावाचा आजचा अर्थ देण्यापूर्वी त्या वनस्पतीचे मूलस्थान पाहावे. तगर, चाफा, कण्हेर ह्या शब्दांपुढे टीप देताना ‘आज ज्याला म्हणतात ते’ एवढे म्हणून भागणार नाही. दुसरी, बोलीतील रूप शेजारच्या भाषेशी जुळले, एवढ्यावरून ते उसने ठरवू नये. प्रथम बोलीचे स्वतःचे ध्वनिनियम लावून पाहावेत. तिसरी, लोकनामे ही शास्त्रीय नामांची बिघडलेली रूपे नव्हेत. गंध, चीक, रंग, फुलण्याची वेळ, उपयोग आणि उपद्रव ह्यांवर आधारलेली ती स्वतंत्र ज्ञानव्यवस्था आहे.

ही व्यवस्था आज ज्या वेगाने क्षीण होत आहे, त्याचे कारण परिभाषा नव्हे आणि इंग्रजीविषयीचे प्रेमही नव्हे. कारण साधे आहे. झाड पूर्वी शेजाऱ्याच्या अंगणातून फांदीच्या रूपाने येत असे, आणि फांदी देणारी बाई नावही सांगत असे. आता झाड रोपवाटिकेतून पिशवीत येते, आणि नाव पिशवीवरच्या चिठ्ठीवर असते. नावाचा मार्ग बदलला, म्हणून नाव बदलले. ज्या स्त्रिया बकोरा, पेंडगूळ, गुलबास हे शब्द सहज उच्चारतात, त्यांच्याकडून ते शब्द झुडपासमोर उभे राहून, फुलाच्या नमुन्यासह टिपून घेण्याचे काम विद्यापीठाच्या भाषाविभागांनी आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून करण्यासारखे आहे. केवळ शब्दांची यादी केली तर वस्तू हरवेल. केवळ वाळवलेले नमुने ठेवले तर शब्द हरवेल. दोहोंची गाठ जेथे पडते ते अंगण अजून काही काळ तरी शिल्लक आहे.